एकसष्ट हिरव्या खुणा

मंगळवारी डॉक्टर आले तेव्हा तेजस्वीचा घसा दुखत होता आणि अंगात थोडी कणकण होती. डॉक्टरांनी तिला आ करायला लावलं, आत लाल दिसतंय म्हणाले, मग तिचं आरोग्य कार्ड उलटून पाहिलं. लसी सगळ्या झाल्यात, टॉन्सिल सुजलेत, पाच दिवस औषध द्या, एवढं सांगून त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं. त्यांना त्या सकाळी एकसष्ट मुलं तपासायची होती. शाळेच्या बाई, स्वप्नाली, यांनी औषधाच्या बाटलीवर मार्करने रेघ मारून एका वेळी किती द्यायचं ते दाखवलं आणि बाटली तेजस्वीच्या आजीच्या, बनाबाईंच्या हातात दिली.

बुधवारी तेजस्वी शाळेत आली नाही. गुरुवारी सकाळीही तिची जागा रिकामी दिसली.

शाळा म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या मागच्या रानात दिवाळीनंतर ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. बहुतेक बीडकडच्या. राहायला चिपाडाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या पडतात, आईबाप पहाटे चारला फडावर जातात आणि पोरं दिवसभर मागे राहतात. शाहूपुरीतल्या शांतादेवींनी सात वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी ही शाळा काढली. सकाळी दूध आणि अंडं, दुपारी खिचडी, महिन्यातून एकदा डॉक्टर. स्वप्नाली तिथं तिसऱ्या हंगामाला शिकवत होती. पगार थोडा होता, पण पोरं लिहायला लागलेली बघितली की तिला दुसरीकडे जावंसं वाटत नसे.

त्या गुरुवारी अकरा वाजता पुण्याहून पाहुणे येणार होते. दूध, अंडी आणि डॉक्टर यांचा खर्च करणाऱ्या कंपनीची माणसं. संस्थेचं काम पाहणारे प्रभुलिंग सर दोन दिवस त्याच धावपळीत होते. बॅनर लागला होता, खुर्च्या यायच्या होत्या, पोरांना स्वागताचं गाणं पाठ झालं होतं. स्वप्नालीने मोठ्या मुलींना पोरांचे केस विंचरायला बसवलं आणि दहा मिनिटांत येते म्हणून ती कोप्यांकडे गेली.

तेजस्वी झोपलेली नव्हती. ती भिंतीच्या चिपाडाला पाठ लावून ताठ बसली होती आणि तोंडानं श्वास घेत होती. गळा दोन्ही बाजूंनी सुजून हनुवटीच्या बरोबरीला आला होता. स्वप्नाली वाकली तशी पोरीच्या तोंडाचा घाण वास तिच्या नाकात शिरला. तिने मोबाइलचा टॉर्च लावून आ करायला सांगितलं. पोरीला तोंड नीट उघडता येईना. जेवढं दिसलं त्यात घशाच्या आत राखाडी पांढरट काहीतरी चिकटलं होतं. दुधाची साय वाळून बसावी तसं. पुवाचा ठिपका असा नसतो, एवढं तिला कळलं.

बनाबाई म्हणाल्या की औषध काल संध्याकाळपासून गिळत नाही, पाणी दिलं तर ठसका लागतो, आणि रात्रभर ती अशीच बसून आहे.

स्वप्नालीने तिथूनच प्रभुलिंग सरांना फोन केला. सर हॉटेलवर पाहुण्यांना घ्यायला गेले होते. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण टॉन्सिलला सूज येतेच म्हणाले. दोन वाजता पाहुणे गेले की मी स्वतः घेऊन जातो, तोवर कोमट पाणी द्या, आणि तुम्ही वर्ग सोडू नका, असं त्यांनी बजावलं. फोन ठेवून स्वप्नालीने कोपीच्या दारातून बघितलं. बाहेर शेडसमोर मंडपवाल्याचा छोटा टेम्पो येऊन थांबला होता आणि त्याचे ड्रायव्हर हंबीरराव खुर्च्या उतरवत होते.

"बनाबाई, हिला आत्ता दवाखान्यात न्यायचं. तुम्ही चला," ती म्हणाली.

बनाबाई नको म्हणाल्या. पोरीचे आईबाप फडावर होते. ते आल्याशिवाय लेकरू हलवलं आणि काही इकडचं तिकडं झालं, तर सून जन्मभर आपलं तोंड बघणार नाही, हे त्यांनी तीनदा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. स्वप्नालीने बापाचा नंबर लावला. दोनदा वाजून बंद झाला. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीची शिडी चढणारा माणूस फोन कुठून उचलणार?

मग बनाबाईंनी तिच्याकडे रोखून बघत विचारलं, "खरं सांगा बाई. लेकरू मरंल का?"

नाही हो, काय बोलता, असं म्हणणं सोपं होतं. ते तिच्या तोंडापर्यंत आलंही होतं.

"मला माहीत नाही," स्वप्नाली म्हणाली. "मला भीती वाटतेय."

बनाबाईंनी पदर खोचला आणि गोधडी उचलली.

निघताना स्वप्नालीने शेडमधल्या पेटीतून तेजस्वीचं कार्ड काढून घेतलं. दवाखान्यात कागद मागतात, एवढाच त्या वेळी तिचा विचार होता. मोठ्या मुलींना पोरांना सांभाळायला सांगितलं. हंबीररावांनी उरलेल्या खुर्च्या रस्त्याकडेला उतरवल्या आणि एक शब्दही न विचारता गाडी चालू केली. लाइन बाजारापर्यंत रस्ता बरा होता. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या एकमेकींना घासून अडकल्या होत्या आणि मागे गाड्यांची रांग लागली होती. तेजस्वी आजीच्या मांडीवर बसली होती. प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता आणि करवतीसारखा बारीक आवाज येत होता.

हंबीररावांनी आरशातून एकदाच मागे बघितलं. "ताई, हितं थांबण्यात अर्थ न्हाय. गल्लीतनं घालतो, धरून बसा," ते म्हणाले, आणि खाली उतरून एका दुचाकीवाल्याला त्याची गाडी उचलून बाजूला ठेवायला लावून त्यांनी टेम्पो गल्लीत घातला. मोठ्या सरकारी दवाखान्याच्या दारात ते पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

मुलांच्या विभागात डॉक्टर मदिहा होत्या. तिशीच्या आतल्या, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं. त्यांनी पोरीचा गळा बघितला, तोंडाशी नाक नेऊन वास घेतला, चमच्याने जीभ दाबून आत प्रकाश टाकला आणि पहिलं वाक्य नर्सला उद्देशून बोलल्या, की हिला बाजूच्या खोलीत घ्या, सगळ्यांना मास्क द्या. दुसरं वाक्य बनाबाईंना होतं.

"आजी, हिला लहानपणीचे डोस झालेत? त्रिगुणी, पेंटा?"

बनाबाई स्वप्नालीकडे वळल्या. "बाईंनी लिव्हलंय की समदं."

स्वप्नालीने कार्ड पुढे केलं. छापील, गुळगुळीत, कोपऱ्यात तेजस्वीचा हसरा फोटो आणि कंपनीचं चिन्ह. मदिहांनी ते उघडलं. पेंटाच्या तीन डोसांपुढे हिरवी खूण. दीड वर्षाच्या बूस्टरपुढे हिरवी खूण. पाच वर्षांच्या डोसापुढेही.

मदिहांनी त्यांच्या वरिष्ठांना फोन लावला. ते ऑपरेशनमध्ये होते, कुणीतरी फोन त्यांच्या कानाशी धरला असावा. मदिहा भराभर बोलत होत्या. घशात पडदा दिसतोय, गळा सुजलाय, मला घटसर्प वाटतोय, पण लसीकरण पूर्ण आहे, कार्ड माझ्या हातात आहे. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मदिहा म्हणाल्या की हो, सीरमच्या कुप्या थोड्याच आहेत, इचलकरंजीच्या एका मुलासाठीही कालच मागणी आलीय. मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या.

फोन ठेवून त्यांनी स्वप्नालीला समजावून सांगितलं. घटसर्पाचं विष उतरवायला सीरम द्यावं लागतं. ते घोड्याच्या रक्तापासून बनवतात, एखाद्या मुलाला त्याची जबरदस्त रिअॅक्शन येते. लस पूर्ण झालेल्या मुलाला हा रोग क्वचितच होतो, घशाचे दुसरे आजारही असेच दिसतात. म्हणून वरिष्ठांचं म्हणणं आहे की आत्ता अँटिबायोटिक सुरू करावं, घशातला नमुना तपासायला पाठवावा आणि उद्यापर्यंत वाट बघावी.

"घटसर्पच असेल तर? वाट बघितली तर काय होतं?" स्वप्नालीने विचारलं.

"विष हृदयात जातं," मदिहा म्हणाल्या. "एकदा गेलं की सीरमचा उपयोग नाही."

स्वप्नाली गप्प राहिली. किती वेळ, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. मिनिटभर असेल, कदाचित जास्त. तिला डिसेंबरमधल्या त्या तीन संध्याकाळी आठवत होत्या. कंपनीने मोबाइलवर भरायचा फॉर्म पाठवला होता. प्रत्येक लसीपुढे हो किंवा नाही, तिसरा पर्याय नव्हता. रकाना रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकत नसे. आया फडावरून अंधार पडताना परतायच्या, चुली पेटवायच्या, आणि ती दारात उभी राहून विचारायची की डोस झालेत का. झाल्यात, झाल्यात, असं त्या पीठ मळता मळता म्हणायच्या. कार्डं गावी राहिलेली. चौदा जणींनी कार्ड शोधून दाखवलं. बाकी सगळ्यांच्या पुढे तिने हो दाबलं होतं, आणि नंतर छापून आलेल्या कार्डांवर हिरव्या पेनने स्वतःच्या हाताने खुणा केल्या होत्या. एकसष्टपैकी एकसष्ट. प्रभुलिंग सरांनी त्या आकड्याचा बॅनर केला होता, आणि आत्ता या घटकेला पाहुणे त्याच्याखाली बसत असतील.

तिच्या पर्समध्ये फोन थरथरत होता. तिने तो काढला नाही. आतल्या खोलीत तेजस्वीचा श्वास ऐकू येत होता. मदिहा नर्सला अँटिबायोटिकचं नाव सांगत होत्या.

"डॉक्टर," स्वप्नाली म्हणाली, "त्या खुणा मी केल्यात. मला माहीत नसताना. हिला एकही डोस झालाय असं मी सांगू शकत नाही."

मदिहांनी तिच्याकडे बघितलं. चेहरा मास्कमागे होता, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते कळलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की शाळेत अशी किती मुलं आहेत. हिला धरून सत्तेचाळीस, स्वप्नाली म्हणाली. मदिहांनी कार्ड मधोमध फाडलं नाही की फेकलं नाही. त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली, खाली वेळ आणि सही टाकली आणि परत फोन उचलला. या वेळी त्यांचं बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं.

आधी सीरमचा एक थेंब कातडीत टोचून वीस मिनिटं वाट बघितली. लाल झालं नाही. मग बाटली लागली. थेंब मोजून मोजून सोडत होते आणि मदिहा घड्याळावर डोळे लावून तेजस्वीची नाडी धरून उभ्या होत्या.

बाहेर येऊन स्वप्नालीने फोन बघितला. सरांचे अकरा कॉल. तिने लावला आणि न थांबता सगळं सांगितलं, घटसर्पाचा संशय, खुणा, मदिहांना काय बोलली ते. पलीकडे पोरांचं गाणं ऐकू येत होतं. 

"पाहुणे समोर बसलेत," सर हळू आवाजात म्हणाले. "तुमचा फोन मला संध्याकाळी आला, असं धरू का?"

"नका धरू सर. उद्या आरोग्य खात्याची माणसं वस्तीवर येतील. पोरं आत्ता मांडीला मांडी लावून बसलीत. त्यांना आधी उठवा."

सरांनी फोन ठेवला. त्यांनी काय केलं ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांना स्वतःला पाहुण्यांना सांगायचं धाडस झालं नाही. ते उठून शांतादेवींच्या कानाशी गेले. पंचाहत्तरीच्या शांतादेवींनी गाणं मध्येच थांबवलं, पोरांना लांब लांब बसवलं आणि पाहुण्यांना सगळ्यांसमोर, आहे तसं सांगितलं.

तेजस्वीचे आईबाप दीडच्या सुमारास आले. हंबीररावच परत जाऊन फड शोधून त्यांना घेऊन आले होते. दोघांच्या हातापायांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे, केसांत पाचट. स्वप्नालीने त्यांनाही सांगितलं. शेवटापर्यंत टाळलं जाऊ नये म्हणून तिने सगळ्यात आधी तेच सांगितलं: डॉक्टरांनी मंगळवारी कार्ड बघून औषध दिलं, आणि ते कार्ड मी चुकीचं भरलं होतं.

 आई मान खाली घालून उभी होती आणि पदराचं टोक पिळत होती.

"तुमी इचारलं तवा मीच हो म्हनले," ती म्हणाली. "एक बी टोचलं नव्हतं. आमी कदी गावी नसतोच त्या टायमाला. न्हाई म्हनलं तर शाळंत घेनार न्हाईत असं वाटलं. तितं अंडं मिळतं तिला."

 फॉर्मचा शाळेत घेण्या-न घेण्याशी काही संबंध नव्हता. पण ते तिने त्या संध्याकाळी कुणालाच सांगितलं नव्हतं. दारात उभं राहून फोन हातात धरून फक्त विचारलं होतं.

चारच्या पुढे तेजस्वीचा श्वास आणखी अडकायला लागला. सीरमला काम करायला वेळ लागतो आणि घशातली सूज तोवर थांबत नाही, असं मदिहांनी सांगितलं. ओठ निळसर दिसू लागले. वरिष्ठ डॉक्टर आले, त्यांनी एकदा बघितलं आणि गळ्याला खालून छेद देऊन नळी घालावी लागेल म्हणाले. नर्सने संमतीचा कागद बापासमोर धरला. तो सातवीपर्यंत शिकलेला होता, सही करता येत होती, पण पेन हातात घेऊन तो थांबला.

"ह्यात काय लिव्हलंय, वाचून दाखवा," तो स्वप्नालीला म्हणाला.

तिने वाचलं. सगळी वाक्यं, एकही न गाळता. रक्तस्राव होऊ शकतो. नळी बंद पडू शकते. जिवाला धोका आहे. बनाबाई कोपऱ्यात खाली बसल्या. बापाने ऐकून घेतलं, सही केली आणि पेन परत देताना पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांकडे बघितलं.

दार बंद झालं. चाळीस मिनिटं ते पाचजण बाकावर बसून होते, त्यांत हंबीररावही. टेम्पो त्यांनी कुठंतरी उभा केला होता आणि मालकाचे फोन ते कापत होते. कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. मग मदिहा बाहेर आल्या आणि नळी बसलीय, श्वास चालू आहे, एवढंच म्हणाल्या. आई तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली. आवाज न करता, खूप वेळ.

शुक्रवारी सकाळी आरोग्य खात्याची गाडी वस्तीवर आली. स्वप्नाली दवाखान्यातून थेट तिकडे गेली. सगळ्या पोरांचे घसे बघितले, सगळ्यांना गोळ्या दिल्या, तेजस्वी सोडून ज्यांची गावची कार्डं नव्हती त्या सेहेचाळीसांना टोचलं. चार पोरांचे घसे संशयास्पद निघाले. त्यांना त्याच दिवशी दाखल केलं, म्हणून चौघांनाही नळीची वेळ आली नाही. पाचव्या दिवशी तेजस्वीचा तपासणीचा निकाल आला. घटसर्पच होता.

त्यानंतरचे दिवस सगळ्यात वाईट गेले. पडदा विरघळला, नळी निघाली, पोरगी खिचडी मागायला लागली, आणि सगळ्यांना वाटलं संपलं. मग दहाव्या दिवशी तिच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले. विष थोडं तरी आत गेलं होतं. मदिहांनी तिला बसायलाही मनाई केली. बनाबाई दिवसभर तिचा हात धरून तिला उठू देत नसत आणि ती रागाने त्यांना चावे घेत असे. रोज कागदावर ठोक्यांची रेघ निघायची आणि स्वप्नाली मदिहांच्या चेहऱ्यावरून ती वाचायचा प्रयत्न करायची. एकदा तिने विचारलंच, की मंगळवारी सीरम मिळालं असतं तर हे झालं नसतं ना. मदिहांनी तिला बरं वाटावं म्हणून काही सांगितलं नाही. बहुधा नसतं झालं, त्या म्हणाल्या. आणि शुक्रवारी मिळालं असतं तर ही राहिली नसती.

दाखल केल्याला पंधरवडा उलटला तेव्हा ठोके सरळ व्हायला लागले.

दरम्यान शाहूपुरीत संस्थेची बैठक झाली. स्वप्नालीने राजीनामा लिहून नेला होता. शांतादेवींनी तो घेतला नाही. जे झालं ते कंपनीला तूच तुझ्या हाताने लिही, त्याखाली माझीही सही राहील, असं त्या म्हणाल्या.  बाहेर पडताना प्रभुलिंग सरांनी स्वप्नालीला थांबवलं आणि फॉर्म रिकामा जात नाही हे मीच तुम्हाला सांगितलं होतं, तेही पत्रात लिहा, म्हणाले. तिने लिहिलं. कंपनीचं उत्तर आठवड्याने आलं. चौकशी होईपर्यंत पुढच्या हंगामाची मदत थांबवण्यात येत आहे, एवढ्या दोन ओळी.

तेवीस दिवसांनी तेजस्वीला घरी सोडलं. महिनाभर पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही. गळ्यावर लालसर वण होता आणि आवाज अजून घोगरा होता. कारखान्याचं गळीत संपत आलं होतं, टोळी चार दिवसांत गावाकडे निघणार होती. बाप रिक्षा घेऊन आला. स्वप्नालीने त्यांच्या गावच्या आशाताईंचा नंबर मिळवला होता, पुढच्या डोसाची तारीख त्यांना फोनवर सांगितली होती, आणि तीच तारीख तिने आईलाही पुन्हा सांगितली. मग पुढच्या वर्षी शाळा असेल की नाही, असली तर दूध-अंडं मिळेल की नाही, हे आपल्याला माहीत नसल्याचंही सांगितलं.

"आमी तर येनारच," बनाबाई म्हणाल्या. "शाळा असली तर बगू."

तेजस्वी बापाच्या कडेवर होती. सहा वर्षांच्या पोरीला कडेवर घेतल्याची तिला लाज वाटत होती आणि ती पाय झाडत होती. बापाने तिला तसंच धरून रिक्षात बसवलं. आईने स्वप्नालीचा हात एकदा दाबला, आणि रिक्षा गर्दीत शिरली.

स्वप्नाली पायऱ्या चढून पुन्हा वर गेली. बाकीच्या चौघांपैकी दोन पोरं अजून वॉर्डात होती, आणि एकाच्या आईला आज फडावरून सुट्टी मिळाली नव्हती.